मॉरिसच्या ब्रेकसाठी, मेस्त्री मामांना

आदरणीय मेस्त्री मामा,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच ठेवून निघालात. माझ्या तोंडून नीट आभारही निघाले नाहीत, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बाबांची मॉरिस मायनर १९५४ ची, ८०३ सीसीची. बाबा गेल्यावर दोन वर्षं शेडमध्येच होती. एका गॅरेजमधून नवे ब्रेक लायनर बसवून आणले आणि आईला घेऊन पन्हाळ्याला गेले. उतरताना एका वळणावर पेडल थेट फळीला टेकायला आलं. डबल मारल्यावर ब्रेक लागला. मागे आई बसली होती. पुढचा सगळा उतार दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेकवर हात ठेवून काढला. ते वळण आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

गॅरेजवाल्यांनी तीनदा ब्रेकच्या नळ्यांमधली एअर (अडकलेली हवा) काढली, काही फरक नाही. मग म्हणाले, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) गेलाय. या गाडीत तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या आत असतो आणि त्याचे बोल्ट बाहेर यायला टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या स्प्रिंगचं काम करणारी सळई, आडवा येतो. म्हणजे पुढचं सस्पेन्शन सोडणं आलं. मी हो म्हणून बसले होते. तुम्ही शेजारच्या लेथवर कामाला आला होता, गाडी बघून आत आलात.

"ताई, सिलिंडर कशाला काढतासा? आधी पाय दाबून धरा बघू."

दोनदा मारल्यावर पेडल वर आलं. मग अर्धा मिनिट दाबून धरायला लावलंत. ते दगडासारखं घट्ट राहिलं, तसूभरही खाली गेलं नाही. मास्टरचं रबर गेलं असतं तर पेडल हळूहळू बसलं असतं, एअर असती तर स्पंजासारखं लागलं असतं, हे तुम्ही मला शांतपणे समजावलंत. कुणाला नावं ठेवली नाहीत. शू (लायनर लावलेली कमान) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं, ज्याला शू आतून घासून चाक थांबवतो) यांच्यामध्येच जागा फार आहे, पहिल्या दाबातलं ऑइल शू ढकलण्यातच संपतंय, एवढंच म्हणालात.

पुढचं चाक उचललंत, कॅप काढलीत आणि चाकाच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकलात. आत स्क्रूची खाच दिसली. तो ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या जवळ आणणारा स्क्रू, बरोबर होता. तुम्ही चाक अर्धी चकरी फिरवलंत आणि दुसरी खाच समोर आली. पुढच्या चाकात दोन ॲडजस्टर, प्रत्येक शूला आपला एक! ड्रम बसवताना सगळे ढिले केले होते आणि नंतर एकेकच आवळला होता. दोन्ही पुढच्या चाकांत तेच. तुमच्या हाताखाली पाच खटके वाजले, शू ड्रमला घासून करकरला, तसा एक खटका मागे घेतलात. मग पेडल जोरात मारायला लावून शू जागेवर बसवले आणि पुन्हा तपासलंत. मागच्या चाकांत एकेकच आहे, तेही झालं.

आणखी एक गोष्ट मला विसरता येणार नाही. ड्रम काढल्यावर गॅरेजचा पोरगा हवेच्या पाइपने धूळ उडवायला गेला. तुम्ही त्याचा हात धरलात आणि ओल्या फडक्याने पुसायला दिलंत. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं, ती छातीत जाते, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्याही वतीने आभार मानते.

आता पेडल वरच्या वरच ब्रेक पकडतं. गेल्या रविवारी आधी मी एकटीच पन्हाळ्याहून उतरले, मग आईला घेऊन पुन्हा गेले. त्या वळणावर आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो वळण सरल्यावर काढला.

तुमचा लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर माझ्या डिकीत राहिला आहे. तो द्यायला गाडी घेऊनच येते. आईही येणार आहे, तिला तुम्हाला भेटायचंय.

तुमची ऋणी,
मॉरिसवाली ताई