‘डिलिव्हर्ड’ लिहून आलं म्हणजे काम मिळालं असं होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फ्रीलान्सरकडून, म्हणजे साइटवरून सुटी कामं घेणाऱ्यांकडून, होणाऱ्या फसवणुकीवरचा कालचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसणार होते पण डोकं तापलेलं होतं, म्हटलं सकाळी लिहू. सकाळीही ते शांत झालेलं नाही, त्यामुळे एखादा शब्द जास्त गेला तर आधीच क्षमा मागते. लेखात तीन गोष्टी सांगितल्यात, रिव्ह्यू बघून माणूस निवडा, फार स्वस्तातलं काम घेऊ नका, आणि एकदा पैसे गेले की ते परत मिळणं जवळजवळ अशक्य. पहिल्या दोन ठीक आहेत. तिसरी वाचून किती लोक हातपाय गाळून बसले असतील याचा विचार लेख छापताना कुणी केला का? पैसे परत मिळतात. मला मिळाले. पण ते कशामुळे अडकतात हे लेखात एका ओळीनेही आलेलं नाही आणि मला तेवढंच सांगायचंय.

माझं काम म्हणजे आईची वही. ११२ पानं, सगळी हाताने लिहिलेली, तिच्या कविता आणि मधेमधे नोंदी. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, स्वतःचं लिहिलेलंसुद्धा लागत नाही, म्हणून ती मोठ्या टाइपात करून घ्यायची म्हणजे तिला तिची ती वाचता येईल. पानांचे फोटो काढले, एका साइटवर टायपिंग करणारा शोधला, रेटिंग ४.९, तीनशेच्या वर रिव्ह्यू, प्रोफाइलवर मराठी मातृभाषा असल्याचं लिहिलेलं. म्हणजे तुमचा पहिला नियम मी लेख येण्याच्या कितीतरी आधी पाळला होता. पैसे आधी भरले, मुदत १० दिवसांची ठरली.

दहाव्या दिवशी काही आलं नाही. विचारलं तर लॅपटॉप बिघडलाय. बाराव्या दिवशी घरातलं माणूस हॉस्पिटलात. आता हॉस्पिटल म्हटल्यावर आपण काय बोलणार, मी लिहिलं की काळजी घ्या, काम होईल सावकाश. त्यावर त्याने मुदत वाढवायची रिक्वेस्ट पाठवली आणि मी ती एका क्लिकमध्ये मंजूर केली. त्या क्षणापर्यंत ऑर्डरवर लाल अक्षरात ‘उशीर झाला’ दिसत होतं आणि शेजारी ऑर्डर रद्द करायचं बटण होतं. मंजुरी दिल्याबरोबर दोन्ही गेलं. माणूस म्हणून मी जो समजूतदारपणा दाखवला, त्याचा साइटच्या हिशोबात अर्थ असा झाला की उशीर झालाच नाही.

एकविसाव्या दिवशी रात्री पावणेबाराला फाइल आली. नाव ‘फायनल २’. नऊ पानं टाइप केलेली आणि पुढची सगळी पानं कोरी, खाली फक्त पानाचा आकडा. त्या नऊ पानांतही ‘ळ’ एकही नाही. डोळे चे डोले, काळ चा काल, वेळ ची वेल. आईची एक ओळ आहे, वेळ सरता सरत नाही, तिथे वेल सरत होती. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याच्या हातून एखादा ळ सुटेल, नऊ पानांतला प्रत्येक ळ सुटणार नाही. म्हणजे फोटो कुठल्यातरी सॉफ्टवेअरमधून काढलेत आणि वाचूनही बघितलं नाही हे उघड होतं.

मी चॅटवर विचारलं बाकीची पानं कुठेत, त्याने उत्तर दिलं ‘बाकीची पानं उद्या पाठवतो, फक्त मुदतीसाठी डिलिव्हर केलंय’. हे वाक्य तसंच्या तसं देतेय कारण पुढे त्याच एका वाक्यावर माझं सगळं प्रकरण उभं राहिलं. तेव्हा मात्र मला त्याची किंमत कळली नाही, मी उद्याची वाट बघत बसले. उद्या काही आलं नाही, परवाही नाही, आणि चौथ्या दिवशी साइटकडून मेल, तुमची ऑर्डर पूर्ण झाली, सेवा आवडली असेल तर अभिप्राय द्या.

तर ही मेख आहे. डिलिव्हरचं बटण दाबलं की घड्याळ सुरू होतं आणि ते घड्याळ फाइलमध्ये काय आहे हे बघत नाही. फायव्हर आणि अपवर्क या अशी कामं देण्याघेण्याच्या दोन मोठ्या साइट, फायव्हरवर हे घड्याळ ३ दिवसांचं असतं, अपवर्कवर ठरलेल्या रकमेच्या कामात १४ दिवसांचं. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाने काम नाकारलं नाही किंवा दुरुस्ती मागितली नाही तर काम मान्य धरलं जातं आणि साइटने मधे अडवून ठेवलेले पैसे फ्रीलान्सरकडे सरकतात. माझी साइट या दोन्हींपैकी नाही, तिसरीच होती, पण पद्धत तीच. चॅटवर तुम्ही कितीही भांडा, घड्याळ थांबत नाही, ते थांबतं फक्त ‘दुरुस्ती हवी’ किंवा ‘तक्रार’ या बटणाने. मी तीन दिवस चॅटवर विनवण्या करत होते आणि बटण बाजूलाच होतं. हे एक वाक्य लेखात असतं तर कुणाचेतरी पैसे वाचले असते.

सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर अर्ध्या मिनिटात, म्हणजे माणसाचं नव्हेच. दुसरं दोन दिवसांनी, ऑर्डर पूर्ण झाल्यामुळे रिफंड देता येत नाही. मी लिहिलं १०३ पानं कोरी आहेत, उघडून बघा. तिसऱ्या उत्तरात म्हणे सद्भावना म्हणून अर्धी रक्कम साइटच्या वॉलेटमध्ये क्रेडिट देतो. म्हणजे ते पैसे परत त्याच साइटवर दुसऱ्या कुणाला तरी काम देऊन संपवायचे. मी नाही म्हटलं. मोह झाला होता हे खरं, पण ते घेऊन वाद मिटला असं मान्य केलं असतं तर पुढे बँकेत जाऊन सांगायला काय उरलं असतं?

मग बँकेकडे गेले. कार्डाने पैसे भरलेले असतील तर चार्जबॅक मागता येतो, म्हणजे बँक ते पैसे समोरच्या व्यापाऱ्याकडून परत मागवते, याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. सेवा मिळाली नाही या कारणासाठी व्हिसा कार्डाची मुदत साधारण १२० दिवस, आणि ती मोजायची सेवा ज्या दिवशी मिळायला हवी होती त्या दिवसापासून. म्हणून तर हे फ्रीलान्सर उद्या देतो परवा देतो करत राहतात, आपणही धरून बसतो आणि दिवस जातात.

फॉर्मवर कारण निवडायचं असतं आणि तिथे नीट विचार करा असं मी प्रत्येकाला सांगते. ‘सेवा मिळाली नाही’ आणि ‘सेवा सांगितल्याप्रमाणे नाही’ ही दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्हींना पुरावे वेगळे लागतात. मी आधी पहिलं निवडलं. साइटने बँकेला लगेच दाखवलं की ही बघा फाइल, ही डाउनलोड केल्याची वेळ, ही ऑर्डर पूर्ण. आता नऊ पानं तर आलेली होती, मग मिळालीच नाही म्हणणं टिकणार कसं? बँकेतल्या बाईंनी (त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे) फोनवर नीट समजावलं, मग मी ठरलेलं काय होतं आणि आलं काय ते शेजारी शेजारी लावून पाठवलं, वहीच्या पानाचा फोटो, त्याच्या बाजूला कोरं पान, आणि त्याचं ते वाक्य, फक्त मुदतीसाठी डिलिव्हर केलंय. त्याने स्वतःच लिहून दिलेलं. जवळजवळ तीन महिन्यांनी पूर्ण रक्कम कार्डावर परत आली.

त्याच आठवड्यात साइटने माझं खातं बंद केलं. आत असलेलं सगळं चॅट, जुन्या ऑर्डरी, काही उघडेना. मी स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवले होते म्हणून निभावलं. ज्याला हे करायचंय त्याने बँकेला फोन लावायच्या आधी सगळं उतरवून घ्यावं, प्रोफाइलचं पानसुद्धा, आणि फ्रीलान्सर दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू म्हणाला तर सरळ नकार द्यावा, कारण बाहेर झालेलं बोलणं साइट बहुतेक वेळा धरतच नाही.

पेपालने, म्हणजे त्या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेने, पैसे दिलेल्यांनी वेगळी मुदत लक्षात ठेवावी. पैसे भरल्यापासून १८० दिवसांत डिस्प्यूट, म्हणजे समोरच्याशी वाद, उघडता येतो, पण उघडून नुसतं बसायचं नाही, २० दिवसांच्या आत त्याचा क्लेम करावा लागतो, म्हणजे पेपालनेच निकाल द्यावा अशी मागणी, नाहीतर तो आपोआप बंद होतो आणि परत उघडत नाही. आणि फ्रीलान्सरच्या सांगण्यावरून मित्र किंवा नातेवाइकाला पाठवतात त्या पर्यायाने पाठवले असतील तर तिथे संरक्षणच नाही. फी वाचते म्हणून लोक तसं पाठवतात.

रिव्ह्यू बघा या सल्ल्याबद्दलही बोलायचंय. बऱ्याच साइटवर ऑर्डर रद्द होऊन पैसे परत गेले की त्या ऑर्डरवर गिऱ्हाइकाला जाहीर रिव्ह्यू देता येत नाही. म्हणजे ज्यांनी भांडून पैसे परत घेतले त्यांचं म्हणणं तुम्हाला दिसणारच नाही. माझंही तेच झालं. त्या माणसाचं रेटिंग मी शेवटचं बघितलं तेव्हाही ४.९ च होतं. त्यामुळे तीनशे रिव्ह्यू बघून निर्धास्त राहा असं वाचकांना सांगू नका, फार तर छोटं काम आधी देऊन बघा असं सांगा. मी आधी पाच पानं दिली असती तर ळ पहिल्याच पानावर कळला असता.

आणि एक राहिलं. लेखाच्या मथळ्यात तुम्ही सरसकट ‘फ्रीलान्सरांचा सुळसुळाट’ म्हटलंय ते मला लागलं. माझी भाची हेच काम करते, रात्र रात्र जागून वेळेत देते आणि तिलाही काम घेऊन झाल्यावर चार्जबॅक लावणारे महाभाग भेटलेत. काम नेलं, वापरलं आणि पैसेही परत घेतले. ती कुणाकडे जाणार? तिचं म्हणणं एकदा छापा. चोर दोन्ही बाजूंना आहेत, मथळ्यात एकाच बाजूला उभं करू नका.

लेखातल्या ‘जवळजवळ अशक्य’ या शब्दांची दुरुस्ती छापावी ही विनंती. मुदतीत केलं तर शक्य आहे एवढं जरी छापलंत तरी पुरे. आईची वही सध्या माझ्याच टेबलावर आहे, मी रोज रात्री दोन-तीन पानं टाइप करते, ३८ झालीत, आणि झालेली पानं आई सकाळी वाचते.

आपली नियमित वाचक

ता. क. मागच्या वेळी माझ्या पत्रातला मधला परिच्छेद तुम्ही न विचारता काढलात आणि उरलेल्याचा अर्थच बदलला. यावेळी जागा कमी पडली तर माझा आणि आईचा भाग खुशाल काढा, पण ३ दिवस, १४ दिवस, १२० दिवस, १८० आणि २० हे आकडे तसेच ठेवा.