ऑईलची पट्टी वाचायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

चार महिन्यांपूर्वी आपण माझ्या जुन्या पेट्रोल गाडीसाठी अख्खी दुपार दिलीत आणि निघताना मोबदल्याचा विषयही काढू दिला नाहीत. मी त्या दिवशी तोंडी आभार मानले होते, पण आपण माझ्यासाठी नेमके काय केले आहे हे तेव्हा मला पुरते उमगलेले नव्हते. ते आता उमगले आहे, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की वीस-पंचवीस वर्षे जुनी गाडी जिवापाड सांभाळणारे पुष्कळ जण आहेत आणि ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑईल टाका’ हा सल्ला त्यांनाही कधी ना कधी मिळत असणार.

मला तो मिळाला होता. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनच्या वरच्या भागातून टिक-टिक असा आवाज येई. पुढे तो इंजिन गरम झाल्यावरही येऊ लागला, आणि एका लांबच्या प्रवासाहून परतताना सिग्नलला उभी असता ऑईलची लाल बत्ती दोनदा लुकलुकली. ज्या गॅरेजमध्ये महिनाभर आधी ऑईल बदलून घेतले होते तिथे गाडी दाखवली, तर बोनेट न उघडताच निदान झाले: इंजिन झिजले आहे, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल भरा, सोबत ऑईल घट्ट करणारे रसायन टाका, आणि तेवढ्याने भागले नाही तर इंजिनचे काम काढावे लागेल. मी निमूटपणे २०डब्ल्यू-५०चा डबा विकत घेऊन आले. तो डबा माझ्या हातात पाहून आपण इंजिनमधल्या ऑईलची पातळी दाखवणाऱ्या खुणांच्या पट्टीबद्दल एकच प्रश्न विचारलात, “पट्टी पाहिलीत का?”

पाहिली होती, आणि ती पाहून अर्धा लिटर ऑईल वरून ओतलेही होते. मात्र ती कशी पाहिली, हे आपण खोदून विचारलेत तेव्हा चूक कुठे झाली ते बाहेर आले. माझी गाडी उतारावर उभी असते. इंजिन बंद करताच मी पट्टी ओढली होती, म्हणजे बरेचसे ऑईल अजून वरच्या भागात होते आणि खाली आलेले ऑईलही उतारामुळे इंजिनच्या तळाशी ऑईल साठते त्या चेंबरच्या दुसऱ्या टोकाला सरकलेले होते. पट्टी कमी दाखवत होती, पण ऑईल कमी नव्हते.

आपण गाडी सपाट जागेवर लावायला सांगितलीत. इंजिन गरम होतेच. ते बंद करून आपण लगेच पट्टी काढलीत आणि तिच्यावरच्या ऑईलमधले बारीक बुडबुडे मला उन्हात धरून दाखवलेत. मग दहा मिनिटे काहीही न करता थांबलात. मला त्या थांबण्याचे आश्चर्य वाटले होते, आज वाटत नाही. दहा मिनिटांनी पट्टी काढून, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसून, शेवटपर्यंत आत घालून पुन्हा काढली, तेव्हा ऑईलची रेघ वरच्या खुणेच्या बोटभर वर होती. पट्टीच्या दोन्ही बाजू पाहा आणि ज्या बाजूला रेघ खाली दिसते ती खरी माना, हे आपण तेव्हाच सांगितलेत, कारण नळीच्या आतल्या भिंतीला लागलेले ऑईल एका बाजूला चढलेले असू शकते.

हिशेब मग कागदावर मांडला. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे फिल्टरसह साडेतीन लिटर ऑईल लागते. गॅरेजने चार लिटरचा डबा पूर्ण रिकामा केला होता आणि त्यात माझ्या अर्ध्या लिटरची भर पडली होती. माझ्या गाडीत पट्टीच्या दोन खुणांमधले अंतर म्हणजे सुमारे एक लिटर. तेवढेच ऑईल जास्त होते. ते जास्तीचे ऑईल काय करते, हे आपण रवी आणि ताकाच्या भांड्याच्या उदाहरणाने समजावलेत, आणि ते माझ्या डोक्यातून आता कधीही जाणार नाही. फिरणारा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, ऑईलच्या पृष्ठभागाला लागू लागला की ते घुसळले जाते, त्याला फेस येतो, आणि पंप मग ऑईलबरोबर हवाही ओढतो. माझ्या इंजिनमधले टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेतले छोटे दट्टे, ऑईलच्या दाबावर चालणारे आहेत. त्यांच्यात हवा शिरली की ते नीट भरत नाहीत आणि वाजतात. टिक-टिक आवाज त्याचा होता आणि लुकलुकणारी बत्तीही त्याचीच. झिजलेल्या इंजिनचा पुरावा म्हणून जी लक्षणे मला सांगितली गेली होती, ती जास्त भरलेल्या ऑईलची लक्षणे होती. त्यावर जाड ऑईल हा उपाय कसा ठरला असता?

त्या बत्तीबद्दल आपण माझी जी कानउघाडणी केलीत, तिच्याबद्दल तर मी वेगळे आभार मानते. ती बत्ती ऑईल किती आहे हे सांगत नाही. दाब धोक्याच्या पातळीखाली गेला आहे हे सांगते, आणि ती लागली की गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करायचे असते. मी घरापर्यंत चालवत आले होते. दाबाबद्दल शंका असेल तर बत्तीच्या स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून गरम इंजिनवर आकडा घ्यावा आणि तो पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावा, त्याआधी कोणालाही इंजिन झिजले असे म्हणू देऊ नये, हे आपले वाक्य मी वहीत उतरवून ठेवले आहे.

ऑईल काढून टाकण्यापूर्वी आपण त्याची जी तपासणी केलीत, ती पाहताना मला एखादा वैद्य नाडी पाहत आहे असे वाटले. पट्टीवरचा थेंब बोटांत चोळून आपण वास घेतलात. पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन ऑईलमध्ये उतरून ते पातळ करत आहे असे समजावे. ऑईल भरायच्या तोंडाचे झाकण काढून आपण टॉर्चने आत पाहिलेत. दुधाळ, दह्यासारखा थर दिसला तर कूलंट ऑईलमध्ये मिसळत असण्याची, म्हणजे इंजिनचा वरचा भाग सीलबंद ठेवणाऱ्या हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मात्र केवळ झाकणाखाली थोडासा तसा थर असेल आणि गाडी रोज जवळच्या जवळच फिरत असेल, तर तो इंजिन पुरते गरम न झाल्याने साचलेल्या बाष्पाचाही असू शकतो. मग एक थेंब टिपकागदावर सोडून आपण तो तासभर बाजूला ठेवलात. चांगल्या ऑईलचा डाग कडेकडे फिकट होत पसरतो; काजळी धरून ठेवण्याची ताकद संपलेल्या ऑईलचा मधला भाग गडद राहतो आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. माझ्या ऑईलची कड महिनाभरातच अशी स्पष्ट झाली होती, म्हणजे भरलेले ऑईल कोणत्या दर्जाचे होते हा प्रश्नच होता. निव्वळ काळा रंग पाहून घाबरू नये, हेही आपण बजावलेत; डिझेलच्या गाडीत तर नवे ऑईल काजळीमुळे लवकरच काळे पडते आणि ते आपले काम करत असल्याचेच ते लक्षण असते.

आता निवडीबद्दल, कारण माझ्या मनातला मोठा गैरसमज आपण तिथे दूर केलात. १०डब्ल्यू-४० म्हणजे थंड असताना दहा आणि गरम झाल्यावर चाळीस, अर्थात तापल्यावर दाट होणारे ऑईल, असे मी इतकी वर्षे समजत होते. कोणतेही ऑईल तापल्यावर पातळच होते. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याचे अक्षर. त्याच्या अलीकडचा आकडा कडाक्याच्या थंडीत इंजिन किती सहज फिरेल याच्या चाचणीचा आहे, आणि ती चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंश सेल्सिअसला, तर २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना होते. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मोजपट्टीत चाळीस म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) आणि पन्नास म्हणजे १६.३ ते २१.९. दोन आकड्यांची दोन वेगळी मापे आहेत, त्यांची आपसांत तुलनाच करायची नाही, हे कळल्यावर डब्यावरचे लेबल मला प्रथमच वाचता आले.

याच आकड्यांवरून आपण २०डब्ल्यू-५० का नको तेही दाखवलेत. गाडी रात्रभर उभी राहिली की वरचे ऑईल खाली उतरते, आणि सकाळी ते टॅपेटना ढकलणाऱ्या कॅमपर्यंत व टॅपेटपर्यंत पुन्हा पोहोचेपर्यंतच्या काही क्षणांत झीज होण्याचा धोका मोठा असतो. थंड असताना जास्त दाट असलेले ऑईल अरुंद वाटांतून उशिरा वर चढते, म्हणजे झीज थांबवण्यासाठी भरलेले ऑईलच रोज सकाळी झिजेला हातभार लावू शकते. ज्या जुन्या इंजिनच्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-५० लिहिलेले आहे तिथे ते योग्यच. माझ्या पुस्तिकेत मात्र १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० एवढेच होते. झिजेसाठी सवलत द्यायचीच असेल तर ती पुस्तिकेने आखलेल्या मर्यादेत, एक पायरी वर जाऊन द्यावी, असे म्हणून आपण १०डब्ल्यू-४० निवडलेत.

दर्जाची अक्षरे मी तोवर पाहिलीही नव्हती. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या खुणेत ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनची, आणि पुढचे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा: एसएम २००४चा, एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. माझी पुस्तिका ‘एसजी किंवा त्यावरील’ म्हणते, त्यामुळे एसएन चालणार होते. त्यावर आपण जोडलेली पुस्ती मला फार मोलाची वाटते, कारण ती डब्यावर कुठेच लिहिलेली नसते. धुरातले घातक वायू कमी करणारा उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) खराब होऊ नये म्हणून एसएमपासून पुढे पातळ ग्रेडच्या ऑईलमधले फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले गेले, आणि फॉस्फरस म्हणजे झीज रोखणाऱ्या झेडडीडीपी या घटकाचाच एक भाग. ज्यांच्या फार जुन्या इंजिनमध्ये कॅम सपाट टॅपेटवर घासत चालतो, त्यांनी ही गोष्ट विचारूनच ऑईल घ्यावे. ती मर्यादा ४० ग्रेडला लागू नाही, हेही १०डब्ल्यू-४०च्या बाजूचे एक कारण होते.

सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेल्या ऑईलबद्दल मी भीतभीत विचारले, तेव्हा आपण जुन्या गाडीला ते वर्ज्य नसल्याचे सांगितलेत. जिथे साचलेल्या गाळानेच गळती थोपवून धरलेली असते, तिथे चांगले ऑईल तो गाळ धुऊन काढते आणि मूळची गळती उघडी पडते. दोष सीलचा असतो, नाव ऑईलचे होते. आपण मला सेमी-सिंथेटिक सुचवलेत. इंजिन फ्लश करून, म्हणजे रसायनाने आतून धुऊन घेऊ का, या प्रश्नाला मात्र आपण ठाम नकार दिलात, कारण एकदम सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीत अडकला तर पंपाला ऑईलच मिळणार नाही. त्याऐवजी पहिले ऑईल ३,००० किलोमीटरलाच बदलायचे, म्हणजे ते हळूहळू स्वच्छता करील, असा मार्ग आपण काढलात.

प्रत्यक्ष भरणे अर्ध्या तासात उरकले. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनला चिकटून राहिले नाही ना हे आपण बोट फिरवून पाहिलेत, नव्या रबराला ऑईल लावून फिल्टर हातानेच आवळलात आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा घातलात. सव्वातीन लिटर भरून इंजिन दोन मिनिटे चालवले, पुन्हा दहा मिनिटे थांबलो, आणि मग उरलेले ऑईल थोडे थोडे ओतायला आपण मलाच लावलेत. काढलेले ऑईल गटारात जाऊ न देता डब्यात भरून, ते गोळा करणाऱ्यांकडे देण्यासाठी आपण स्वतः घेऊन गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करताच क्षणभर आवाज आला आणि थांबला. तिसऱ्या दिवसापासून तो आलेला नाही. लाल बत्ती चावी फिरवल्यावर लागते आणि इंजिन सुरू होताच विझते. आपण घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे दर रविवारी सपाट जागेवर पट्टी पाहून, किलोमीटरचा आकडा आणि पातळी वहीत लिहिते. पहिल्या १,५०० किलोमीटरमध्ये रेघ वरच्या खुणेपासून खुणांमधल्या अंतराच्या पाव भागाने उतरली, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर, आणि तेवढेच त्याच ग्रेडचे ऑईल मी स्वतः भरले. सुरू करताना निळा धूर दिसला तर व्हॉल्व्ह सील आणि वेग घेताना दिसला तर पिस्टन रिंग, ही आपली खूण लक्षात ठेवून धुरावरही नजर ठेवून आहे. अजून दोन्ही वेळी काही दिसलेले नाही.

२०डब्ल्यू-५०चा तो डबा मी सील न फोडता परत केला. गॅरेजशी वाद घातला नाही, फक्त पुस्तिकेचे ते पान आणि साडेतीन लिटरचा आकडा त्यांच्यासमोर ठेवला.

ते ऑईल भरल्यापासून गाडी आता २,७०० किलोमीटर चालली आहे, म्हणजे आपण सांगितलेला ऑईल बदलण्याचा टप्पा जवळ आला आहे. फिल्टर, वॉशर आणि डब्यावरची अक्षरे स्वतः वाचून घेतलेले ऑईल घरात आणून ठेवले आहे. या वेळी सगळे मी माझ्या हाताने करणार आहे. टिपकागदावरचा डाग मात्र आपल्याला दाखवल्याशिवाय जुने ऑईल डब्यात भरणार नाही. सवडीने येऊन तेवढा पाहून जावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
जुन्या गाडीची मालकीण