रात्री बिबट्या वस्तीवर येतोय, सगळ्यांनी वाचा
मंडळी, ऊसतोड सुरू झालीय, फड मोकळे होतायत तसा बिबट्या वस्तीकडं सरकतोय, आपल्या जुन्नर पट्ट्यात हे दरवर्षीचंच आहे पण म्हणून गाफील राहू नका. शेळ्या, कालवडी उघड्यावर बांधू नका, गोठ्याला नुसती बाजूनं जाळी पुरत नाही, वरूनही पाहिजे. रात्रीच्या लाईटीला पाणी धरायला एकट्यानं जाऊ नका, टॉर्च, काठी घ्या आणि मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा. पोरांना अंधारात बाहेर बसवू नका प्लीज, बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान जनावर वाटू शकतो. आणि उसात बछडे दिसले तर हात लावू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही, आई जवळपासच असते, तोड तिथंच थांबवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.