हार्डांगर वर्ग : कात्री लावण्याआधी वाचा

मंडळी, येत्या रविवारी नॉर्वेच्या हार्डांगर भरतकामातलं कापायचं काम, म्हणजे कापडाचे धागे कापून जाळी करणं, सुरू होतंय. चौकोन घरूनच भरून आणा, एकेकाला चार धाग्यांवरून पाच टाके. समोरासमोरचे चौकोन एका रेषेत हवेत. एक धागा चुकला तरी जाळी जमत नाही. मोजून मोजून डोळे दुखतात, मान्य. मांडीवर गडद कापड घ्या, पांढऱ्या कापडाची भोकं नीट दिसतात.

चौकोनांना 5 नंबरचा पर्ल कॉटन (पीळदार, चमकदार दोरा), जाळीच्या दांड्यांना, म्हणजे कापल्यावर उरलेल्या धाग्यांना, 8 नंबरचा. कापड इंचाला 22 धाग्यांचं. कात्री बारीक टोकाची, धार लावलेली.

कापायचं फक्त टाके कापडात शिरतात त्या कडेला, टाक्यांना समांतर कडेला कधीच नाही. घरी कुणीही कापू नका. बुनाडच्या (नॉर्वेच्या पारंपरिक पोशाखाच्या) एप्रनचे नमुने वर्गातच पाहू.