आग लागली तर होम्स कुणाकडे धावेल?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. शेरलॉक होम्सवर भलताच चिडला आहेस. त्याला मुळात काळीजच नाही, मग प्रेमाला दुबळेपणा ठरवण्यात त्याचा कसला मोठेपणा, असं तुझं म्हणणं. ज्याला भूकच लागत नाही त्याने उपासाचा तोरा मिरवू नये, हे वाक्य तर झकास जमलंय. पण पटलं नाही बुवा.

आधी एक दुरुस्ती. प्रेम म्हणजे नाजूक यंत्रात शिरलेला वाळूचा कण, हे तू होम्सच्या तोंडी घातलंयस. ते वॉटसनचं आहे, म्हणजे होम्सच्या गोष्टी सांगणाऱ्या त्याच्या डॉक्टर मित्राचं, १८९१च्या ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ या गोष्टीच्या सुरुवातीचं. होम्स स्वतः बोलतो ते त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये. वॉटसन लग्न ठरल्याचं सांगतो आणि हा पठ्ठ्या अभिनंदन करायलाही नकार देतो! प्रेम भावनेच्या प्रांतातलं, थंड तर्काच्या विरोधातलं. आपला निवाडा एका बाजूला झुकू नये म्हणून आपण कधीच लग्न करणार नाही, म्हणतो. आता हे नीट वाच. ‘मला ते जमणार नाही’ असं तो म्हणतच नाही. जमलं तर आपलं काय होईल, याची त्याला धास्ती आहे.

ही धास्ती त्याच्या धंद्यातून आली असावी. दुसऱ्याचा जीव कशात अडकलाय हे हेरायचं आणि नेमकं तिथे बोट ठेवायचं, यावर तर त्याचे निम्मे डाव चालतात. ‘बोहेमिया’च्याच गोष्टीत राजाची जुनी प्रेयसी आयरीन ॲडलर हिने दोघांचा फोटो कुठे लपवलाय हे राजासाठी शोधायला तो पाद्र्याच्या वेषात, जखमी झाल्याचं सोंग करून तिच्या घरात शिरतो. वॉटसन खिडकीतून धुराचं नळकांडं टाकतो, ‘आग! आग!’ असा ओरडा होतो आणि ती थेट फोटोच्या जागेकडे धावते. आग लागली की बाई सगळ्यात प्रिय गोष्टीकडे झेपावते. लग्न झालेली मुलाकडे, न झालेली दागिन्यांच्या पेटीकडे, असं त्याचं गणित. (गणित कच्चंच आहे, पण ते राहू दे.) १९०४च्या मिल्व्हर्टन या ब्लॅकमेलरच्या गोष्टीत त्याच्या घरातली माहिती हवी म्हणून तो प्लंबर बनून तिथल्या मोलकरणीशी चक्क लग्न ठरवतो. आणि वॉटसन? होम्स आपण मेल्याचा देखावा करून गायब होतो, तेव्हा वॉटसनला तर तीन वर्षं तो मेला असंच वाटत राहतं. त्याचं दुःख खरं असल्याशिवाय जगाला पटणार नाही, हा हिशेब. लोक प्रेमापायी कसे पकडीत येतात हे रोज पाहणारा माणूस स्वतःला तशा पकडीत का येऊ देईल?

गंमत म्हणजे त्याचा सिद्धांत आयरीनच्याच गोष्टीत आपटतो. ज्या दिवशी ती त्याला ओळखते, त्याच दिवशी तिचं लग्न झालेलं असतं, आणि मोतद्दाराच्या वेषातला होम्सच त्या लग्नाला साक्षीदार असतो! म्हणजे प्रेमाने बुद्धी बोथट होते म्हणणाऱ्याला हरवलं कुणी, तर काही तासांपूर्वीच्या नव्या नवरीने. पुरुषी कपडे चढवून ती त्याच्या दारापर्यंत पाठलाग करते, त्याला शुभरात्री म्हणून जाते आणि सकाळी नवऱ्यासोबत पसार. राजाने बक्षीस म्हणून देऊ केलेल्या अंगठीऐवजी होम्स तिचा फोटो मागून घेतो, त्यात अनेकांना प्रेम दिसतं. मला नाही दिसत. हरलेल्या डावाची कबुली आहे ती, बस्स.

त्याचं प्रेम शोधायचं तर १९२४च्या ‘द थ्री गॅरिडेब्ज’ या गोष्टीत शोध. गुन्हेगार गोळी झाडतो, ती वॉटसनच्या मांडीला चाटून जाते. होम्सचे ओठ थरथरतात, डोळे क्षणभर धूसर होतात. जखम वरवरची आहे हे कळल्यावर तो त्या माणसाला सुनावतो, की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत बाहेर पडला नसतास. आग लागल्यावर कोण कुठे धावतं, याचा त्याच्यावरच झालेला हा प्रयोग. पण खरी मेख क्रमात आहे. आधी तो पिस्तुलाचा दणका घालून त्या माणसाला आडवा करतो, त्याच्याजवळ आणखी हत्यार आहे का हे चाचपतो, आणि मगच वॉटसनला कवेत घेतो. कुठे ढळला तोल? कुठे झुकला निवाडा? आयुष्यभर ज्याला घाबरला ते समोर आलं, आणि त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. हे त्याच्या लक्षात आलं का, ते लेखक सांगत नाही. तीन वर्षं फसवला गेलेला वॉटसन मात्र एवढ्यावरच कृतार्थ होतो.

तेव्हा काळीज नसल्याचा आरोप मागे घे. पण तुझा राग मात्र अजिबात सोडू नकोस, फक्त त्याची जागा बदल. ती मोलकरीण आठव. ‘पण त्या मुलीचं काय?’ असं वॉटसन विचारतो, तर होम्स खांदे उडवतो; म्हणे, आपण पाठ फिरवली की तिच्यावर टपलेला दुसरा कुणी आहेच. तिला काय वाटलं असेल, हे पुढे कुणी विचारतही नाही. त्यावर तू मला चार पानं लिहिलीस तर मी एका शब्दानेही त्याची बाजू घेणार नाही.

तुझा,
वाद घालायला सदैव तयार मित्र