घराच्या यादीवर सही करण्यापूर्वी

सॅन अँटोनियो, टेक्सस
दि. ४ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली विक्रेत्याची जादा पैशाच्या पर्यायांची लांबलचक यादी मिळाली. कॉर्पस क्रिस्टीच्या बाहेर घेतलेल्या जागेवर कारखान्यात बांधलेले डबलवाइड, म्हणजे दोन भागांत आणून जोडायचे, घर आणून बसवायचे तुम्ही दोघांनी ठरवले, हे वाचून फार आनंद झाला. यादीत कशावर खूण करावी आणि काय सोडावे, असे तू विचारले आहेस. २०१९ साली अशाच यादीवर मी एका दुपारी, विक्रेत्याच्या कार्यालयातली फुकटची कॉफी पीत, सही केली होती. ती दुपार मला अजून महाग पडते आहे. म्हणून हे उत्तर लांबले तर कंटाळू नकोस.

सर्वांत आधी, विक्रेत्याच्या आवारात जे सजवलेले घर तुम्ही पाहिलेत ते विसरून जा. त्या घरात जवळजवळ प्रत्येक जादा पैशाची गोष्ट बसवलेली असते आणि दारावरची किंमत मात्र साध्या घराची असते. आमच्या घरी सौ.ला ज्या कपाटांनी भुरळ घातली ती लाकडी होती. आमच्या किमतीत आली ती लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेली. यात फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही, कारण सारे यादीत लिहिलेले होते. आम्ही वाचले नव्हते. तेव्हा मूळ किमतीत काय येते, याची लेखी यादी आधी माग आणि मगच पर्यायांच्या पानांकडे वळ. एकदा घर कारखान्याच्या रांगेत लागले की बदल सहसा घेत नाहीत, हेही ध्यानात ठेव.

आता यादी कशी वाचावी ते सांगतो. मी प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायला हवे होते. ही वस्तू भिंतीच्या, छताच्या किंवा जमिनीच्या आत जाणार आहे की बाहेर दिसत राहणार आहे? आणि उद्या ती मोडली, तर जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाची मिळेल का? मी नेमके उलटे केले. जेवणाच्या टेबलावरचे झुंबर घेतले, ओट्यामागच्या भिंतीला चकचकीत फरशी घेतली, आणि पैसे जुळेनात तेव्हा भिंतींची जाडी आणि अँगल कॉक या दोन ओळी खोडल्या.

अँगल कॉक खोडता येतात हे आपल्याकडे कोणाला सांगून पटणार नाही. सांगलीच्या वसतिगृहातही प्रत्येक बेसिनखाली एक होता, गळका असला तरी होता. इथे स्वस्त घरांत पुष्कळदा सगळ्या घराला मिळून एकच मुख्य कॉक असतो आणि प्रत्येक बेसिन, सिंक व कमोडखालचे स्वतंत्र कॉक ही जादा पैशाची सोय असते. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सस गोठले, तेव्हा याचा अर्थ मला कळला. पाण्याची मुख्य नळी घरात शिरते तिथे तापणारी पट्टी गुंडाळलेली होती, पण ती विजेवर चालते आणि वीजच गेलेली होती. भिंत दोन बाय चार इंची लाकडाच्या चौकटीची, त्यात भरलेले इन्सुलेशन बेताचे, आणि न्हाणीघर नेमके उत्तरेच्या बाजूला. नळ्या पेक्सच्या, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकच्या, होत्या. पेक्सची नळी पाणी गोठले तरी थोडी फुगते, सहसा फुटत नाही. फुटला तो बेसिनमागचा जोड. बर्फ वितळू लागल्यावर पाणी वाहू लागले, आणि मी हातात विजेरी घेऊन घराखाली सरपटत मुख्य कॉक शोधत होतो. तो सापडेपर्यंत न्हाणीघराची जमीन भिजून गेली होती. खाली पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला तक्ता होता, तो पाण्यात टाकलेल्या बिस्किटासारखा फुगला. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळून पुन्हा सपाट होत नाही. कापून काढून नवा घालावा लागतो, आणि मी तो घातला.

म्हणून पहिल्या खुणा इथे कर. सर्व ठिकाणी अँगल कॉक. भिंतींना दोन बाय सहाची चौकट, म्हणजे आत आर-११ ऐवजी आर-१९ चे इन्सुलेशन बसते (हा आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी आरपार जाते). आणि जमिनीला, निदान न्हाणीघरांत व स्वयंपाकघरात, प्लायवूड किंवा चांगल्या प्रतीचा ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चपट्या ढलप्या चिकटवून केलेला तक्ता. टेक्सस हे केंद्राच्या नियमांत उष्णतेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य विभागात मोडते, त्यामुळे इथल्या घराला कमीत कमी इन्सुलेशन पुरते असे कागद म्हणतो. कागदाने तो फेब्रुवारी पाहिलेला नाही. तिसऱ्या विभागाचे, थंड प्रदेशासाठीचे इन्सुलेशन इथेही मागवता येते, आणि तुमच्याकडच्या उन्हाळ्यात एसीच्या बिलावरही त्याचा उपयोग होईल.

केंद्राचे नियम म्हणजे काय, हे तुला विक्रेता सांगेलच. पण थोडक्यात, १५ जून १९७६ पासून अशी सर्व घरे एकाच संघीय संहितेनुसार बांधली जातात, आणि घराच्या प्रत्येक भागाच्या बाहेरच्या अंगाला धातूची लाल पट्टी ठोकलेली असते. त्याशिवाय घरात, बहुधा सिंकखालच्या कपाटात किंवा विजेच्या पॅनेलजवळ, एक कागदी तक्ता चिकटवलेला असतो. तो तक्ता तुझ्या बाबतीत महत्त्वाचा आहे. तुमचा न्यूएसेस परगणा वाऱ्याच्या दुसऱ्या विभागात येतो, म्हणजे तिथे बसणारे घर ताशी १०० मैलांच्या वाऱ्याचा हिशेब करून बांधलेले असावे लागते. आमच्याकडे पहिल्या विभागाचे घर चालते, तुमच्याकडे चालणार नाही. त्यामुळे हा पर्याय म्हणून कोणी विकू लागला तर हस आणि तक्त्यावर ‘झोन दोन’ लिहिलेले असेल असे करारात लिहून घे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागले तेव्हा तू मला रात्री दोन वाजता फोन केला होतास, तेव्हा तुला याहून जास्त सांगायची गरज नाही. खिडक्यांवर वादळी झडपा लावण्यासाठी भिंतीत आधार कुठे आहेत, हे मात्र कारखान्याकडून लेखी माग. जागा किनाऱ्यापासून १,५०० फुटांच्या आत नाही ना, एवढे एकदा मोजून पाहा, कारण तितक्या जवळ असेल तर याहूनही कडक बांधणी आणि नांगरणी लागते. (शेताची नांगरणी नव्हे, घर जमिनीला पोलादी पट्ट्यांनी बांधतात, त्याला मी हा शब्द वापरतो.)

आता मापांविषयी. आमच्या दुसऱ्या न्हाणीघरातला टब ५४ इंची आहे. इथल्या नेहमीच्या घरांत तो ६० इंची असतो. दोन वर्षांत आमच्या टबाला तडा गेला, तेव्हा मोठ्या दुकानांत ६० इंचींच्या रांगा होत्या आणि ५४ इंची एकही नव्हता. तो अशा घरांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून मागवावा लागला. तीच गत मागच्या दाराची. ते ३४ बाय ७६ इंची आहे, आणि बाजारात सर्रास मिळते ते ३६ बाय ८०. यासाठी यादीत ‘रेसिडेन्शियल’ असा शब्द दिसला की थांबून वाच. तिथे बहुधा नेहमीच्या मापाची वस्तू मिळत असते आणि तिच्यासाठी थोडे जास्त देणे मला योग्य वाटते. टब आणि शॉवर फायबरग्लासचा, एकसंध घे. फ्रिजसाठी ओट्यालगत सोडलेली जागा किती रुंद आहे ते विचार; ३६ इंच असेल तर पुढे नेहमीचा बहुतेक कोणताही फ्रिज बसेल.

नळांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. कारखान्याने बसवलेले नळ प्लॅस्टिकचे असतील, त्यावर मुलामा असेल, आणि धातूच्या नळांसाठी यादीत जी रक्कम दिसेल ती पाहून तुला राग येईल. अँगल कॉक घेतलेले असतील तर नळ नंतर बदलणे हे रविवारच्या एका सकाळचे काम आहे, तेव्हा सिंकचा व बेसिनचे नळ खुशाल प्लॅस्टिकचे येऊ दे आणि आल्यावर आपल्या हाताने बदल. पण शॉवरचा मिश्रक, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा कॉक, भिंतीत असतो. तो धातूचाच घे. सॅन अँटोनियोचे पाणी चुनखडीतून येते, इतके जड आहे की आमच्या चहाच्या भांड्याला आतून पांढरा लेप बसतो, आणि त्या पाण्याने प्लॅस्टिकच्या मिश्रकाचा आतला भाग दीड वर्षात आखडला. तुमचे पाणी कसे आहे ते तपास. पाणी मऊ करणारे यंत्र पुढे बसवायचा विचार असेल, तर त्याच्यासाठी नळीला जोड आताच काढून ठेवायला सांग.

स्वयंपाकघराविषयी वहिनींना हे पत्र वाचून दाखव. शेगडीवर जी चिमणी दिसते ती धूर बाहेर नेतेच असे नाही. पुष्कळ घरांत ती वाफ जाळीतून गाळून पुन्हा घरातच सोडते, आणि बाहेर हवा टाकणारा खरा पंखा छतात असतो. नियमानुसार स्वयंपाकघरातून मिनिटाला १०० घनफूट हवा बाहेर जायला हवी, पण तो पंखा शेगडीपासून १० फुटांपर्यंत दूर असला तरी चालतो. उकडलेली भाजी आणि भाजलेला पाव यांना हे पुरत असेल. हिंग, मोहरी आणि मिरचीच्या फोडणीला नाही. आमच्याकडे पहिल्या महिन्यात धुराचा अलार्म इतक्या वेळा वाजला की शेजारचे गृहस्थ काठी टेकत विचारायला आले. पुढे भिंत कापून चिमणीचा नळ बाहेर काढला, तेव्हा बाहेरचे व्हिनाइलचे आवरण, आतले इन्सुलेशन आणि माझी सहनशक्ती या तिन्हींना भोक पडले. यादीत ‘बाहेर हवा सोडणारी चिमणी’ असा पर्याय असेल तर, दुसरे काहीही खोडावे लागले तरी, तो खोडू नकोस. शेगडी गॅसची हवी असेल तर प्रोपेनची नळीही कारखान्यातच घालून घे. सिंक एकाच खोल खणाचे घे; दोन खणांच्या उथळ सिंकमध्ये पुरणाची कढई आडवीही मावत नाही.

विजेचे थोडक्यात सांगतो. दोनशे अँपियरचे पॅनेल घे. प्रत्येक शयनगृहात छताला पंख्यासाठी आधाराची लाकडी पट्टी आणि वायर घालून घे. पंखे मात्र घेऊ नकोस, ते बाहेर निम्म्या किमतीत मिळतात. घराबाहेर पाण्याचा एक जादा नळ आणि एक जादा प्लग सांग. दिवे, पडदे, गालिचे, झुंबर, हँडल, डिशवॉशर, जिना, डेक हे सगळे नंतर.

पैशाचा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करतोस, तरी एक आकडा लिहितो. घर जागेसकट स्थावर म्हणून नोंदवले नाही तर कर्ज जंगम मालमत्तेचे मिळते आणि त्याचा व्याजदर चढा असतो. समज ९ टक्के आणि २० वर्षे. मग कर्जात घातलेला ३,००० डॉलरचा शोभेचा पर्याय महिन्याला २७ डॉलर घेतो आणि शेवटी जवळजवळ ६,५०० डॉलरला पडतो. माझे झुंबर अजून फिटायचे आहे. जागा तुझ्याच नावावर असल्याने घर स्थावर म्हणून नोंदवता येईल का, हे सही करण्याआधी बँकेला विचार. टेक्ससमध्ये मालकीच्या दाखल्यावर तशी निवड करता येते.

वहिनींनी विचारलेल्या दोन गोष्टी राहिल्या. मोरीसारखी जमिनीला उतार आणि निचरा असलेली न्हाणी या घरांत नसते, त्यामुळे बादली-तांब्याची अंघोळ शॉवरच्या चौकटीतच करावी लागेल. त्यासाठी आडवा, बसता येईल असा ६० इंची शॉवर आणि हातात धरायचा फवारा घ्या. कमोडजवळ जेट स्प्रे लावता येतो, पण वापरून झाल्यावर त्याचा कॉक प्रत्येक वेळी बंद करायचा, कारण त्याची नळी फुटली तर खाली फरसबंदी नाही, लाकूड आहे. देवघरासाठी मधल्या बोळातल्या कपाटाची दारे काढून टाकायला सांगा. आम्ही तसेच केले आहे. फक्त कपाटासमोर धुराचा अलार्म येणार नाही, हे नकाशात पाहून घ्या. आमचा आला आहे, आणि गणपतीच्या आरतीला तो दरवर्षी न चुकता साथ देतो.

यादीच्या चौथ्या आणि सातव्या पानांवर मी पेन्सिलीने खुणा करून सोबत परत पाठवतो आहे. पाचव्या पानावर ‘प्लंबिंग पॅकेज’ असे मोघम लिहिले आहे. त्यात कॉक धरले आहेत की नाहीत, हे विक्रेत्याकडून लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस. कारखान्यातून घर निघायची तारीख कळली की मला कळव. ते बसवायला येतील त्या दिवशी मी तिथे यायचे म्हणतो, दोन भाग जोडताना मधली फट कशी भरतात हे आपण दोघांनी उभे राहून पाहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसतिगृहातला खोलीसोबती