संगणक बंद होत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘विंडोज १०’ला सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा ‘लवकर अपग्रेड करा’ असे जो तो सांगत होता. पण अपग्रेडनंतर संगणक नीट बंदच झाला नाही तर काय करायचे, हे मराठीत मला कुठे सापडले नाही. त्यापायी माझे साडेनऊ हजार रुपये जाता जाता वाचले, म्हणून हे पत्र.

मी मिरजेत घरातूनच डीटीपीची कामे करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, शाळांचे अहवाल. माझा लॅपटॉप २०१९चा. दिवाळीनंतर त्यावर ‘विंडोज ११’ घेतले. त्याच रात्री ‘शट डाउन’ दिले, स्क्रीन काळी झाली, पण बटणावरचा दिवा पेटलेलाच आणि पंखा घरघरतोय. दहा मिनिटे वाट पाहिली आणि शेवटी बटण दाबून धरले. मग रोज तेच सुरू झाले.

आठवड्याभराने एका पत्रिकेचे प्रूफ दाखवायला तासगावला गेले. झाकण मिटून, म्हणजे ‘स्लीप’मध्ये टाकून, लॅपटॉप पिशवीत ठेवला होता. सोप्यात बसून बाहेर काढला तर इस्त्रीसारखा तापलेला आणि बॅटरी ४ टक्के. निमंत्रकांत नवरीच्या धाकट्या आत्याचे नाव राहिले होते, ते तिथल्या तिथे घालायचे होते. सगळे घर भोवती बसलेले आणि मी चार्जरसाठी प्लग शोधतेय.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न उघडताच सांगितले, ‘मदरबोर्ड गेलाय, साडेनऊ हजार होतील.’ मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जोडलेला आतला मुख्य बोर्ड. मी होच म्हणणार होते. पण एक गोष्ट मनात खटकत होती. ‘रीस्टार्ट’ दिले की लॅपटॉप व्यवस्थित बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. बोर्ड गेला असता तर हे कसे जमले असते?

उत्तर ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये निघाले. ही सोय चालू असली की ‘शट डाउन’ दिल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. सकाळी लवकर सुरू व्हावे म्हणून आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळे मिटवून नव्याने सुरुवात होते. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, पॉवर बटणाने काय करायचे ते ठरवण्याच्या पानावर, तिची खूण असते. ती आधी पुसट दिसते. वरच्या ‘चेंज सेटिंग्ज’च्या ओळीवर क्लिक केले की काढता येते. मी ती काढली आणि त्या रात्री पंखा थांबला. लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढेच.

पिशवीतल्या तापण्याचे कारण वेगळे होते. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत, ‘पॉवरसीएफजी’ला ‘लास्टवेक’ जोडून (powercfg /lastwake) दिले की यंत्राला शेवटचे कोणी जागे केले ते दिसते. माझ्याकडे माउस निघाला! बिनवायरीचा माउस त्याच पिशवीत, त्याचा इवलासा रिसीव्हर लॅपटॉपला खोचलेला. एसटीच्या प्रत्येक धक्क्याला माउस हलायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाला जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, माउसच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’वर जाऊन संगणक जागा करण्याची त्याची परवानगी काढली.

शेजारच्या क्लासच्या सरांचा संगणक मात्र एवढ्याने बधला नाही. त्यांना संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाला विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम, घ्यावा लागला. २०१५ साली ‘विंडोज १०’ आले तेव्हाही ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाच्या ड्रायव्हरमुळे कित्येक लॅपटॉप बंद व्हायचे थांबले होते आणि जुना ड्रायव्हर परत टाकल्यावर सुधारले होते. म्हणजे हा रोग नवा नाही. बटण दाबून बंद करण्याची सवय मात्र कोणी लावून घेऊ नये, उघड्या फायली त्यात खराब होतात.

दुरुस्तीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: बोर्ड बदलायला सांगण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी करा. बोर्डाचे पैसे म्हणजे समोरच्याची महिन्याची कमाई असते. आणि आपल्या दैनिकाने हे उपाय चित्रांसह, मराठीत छापावेत. अपग्रेड करून दहा दिवस व्हायचे असतील तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रिकव्हरी’तून जुन्या विंडोजवर परतता येते, तेही त्यात ठळक अक्षरांत द्यावे. मला ते अकराव्या दिवशी कळले.

– एक डीटीपी व्यावसायिक, मिरज